एकतीस

टेबल नऊ, फेरी अकरावी.
जाळीच्या अलीकडे मी, मांडीवर पॅड,
शिसपेन्सिल दातात.
पलीकडच्या बाई कंट्रोल युनिट उचलून धरतात,
सील बघा म्हणतात,
जणू बाळ कोणावर गेलंय ते आम्ही ठरवायचं.

बूथ एकशे सेहेचाळीस.
म्हणजे आमचीच बिल्डिंग, अँटॉप हिल,
बी विंग, सी विंग, मागची आठ गाळ्यांची ओळ.

बटण. बीप.
पहिल्याला दोनशे एकोणीस.
दुसऱ्याला दोनशे एकेचाळीस.
मग किरकोळ, किरकोळ.
सात नंबरला कुंदा पवळे, अपक्ष, निशाणी बादली:
एकतीस.

मी पुन्हा दाखवा म्हटलं.
बाईंनी पुन्हा दाखवलं.
नोटा अठरा.
म्हणजे नोटापेक्षा तेरा जास्त,
एवढं घरी सांगायला धरून ठेवलं.

माझ्या वहीत या बूथवर
दोनशे साठ बरोबरच्या खुणा होत्या,
हिरव्या पेनाने, मजल्यागणिक.
सातव्यावरच्या नलू सोनटक्केने तर
माझ्यासमोर देव्हाऱ्याला हात लावला होता.

कुंदाताई तीन रात्री वॉर्ड ऑफिसच्या पायरीवर बसली
तेव्हा कुठे आमच्या लाइनीचा व्हॉल्व्ह बदलला.
पाणी आलं त्या दिवशी सगळी बिल्डिंग म्हणाली,
ताई, आता उभ्याच राहा.
ती राहिली.
मतदानाच्या सकाळी हवालदाराने
झाडूवाल्या गंगूची बादली उचलून
शंभर मीटरच्या रेषेबाहेर नेऊन ठेवली,
प्रचार होतो म्हणून.
केवढे हसलो होतो आम्ही.
शुभशकुन वाटला होता.

बाहेर पडलो तर गेटवर गुलाल.
हरलेल्यालाही चुकत नाही, रस्ता एकच आहे.
ओळख ना पाळख, एकाने माझ्या तोंडात पेढा कोंबला
आणि ढोलाकडे पळाला.
चांगला होता पेढा. खाल्ला.

ताई दुभाजकावर बसलेली, हातात कटिंग.
“डिपॉझिट गेलं ना?”
“गेलं.”
“दहा हजारात
गच्चीवरची दुसरी टाकी झाली असती रे.”
मग म्हणाली, तुझ्या कानाला गुलाल लागलाय,
आणि पदराने पुसला.

लिफ्ट बंद. जिना चढताना
एकेक दार माझ्याकडे बघत होतं
की मी त्यांच्याकडे, कोण जाणे.
हा नाही. ही नाही. हे तर नाहीच.
मुरुगन इस्त्रीवाल्याने “काय झालं काका?” विचारलं,
मी “बघू” म्हणालो.
निकाल लागून दोन तास झाले होते.

वैजूने भात वाढला.
“आपल्या बूथवर किती?”
“एकतीस.”
ती बोटांवर मोजू लागली.
आपण दोघं. भाऊजी. गंगू आणि तिची सून.
डिसोझा टीचर, त्या खोटं बोलत नाहीत.
अन्सारी चाचांच्या घरची चार,
त्यांच्या धाकट्याला ताईने शाळेत घातलंय.
गाळ्यांतली सहा. बी विंगमधली बचत गटाची दहा.
सव्वीसवर थांबली.
परत मोजलं. सव्वीसच.
भात गार झाला.
“अहो, मग हे पाच कोण?”

मी जिनाभर दोनशे एकोणतीस जण शोधत आलो होतो.
हे पाच माझ्या वहीत नव्हतेच.

पहाटे पाच दहाला पाणी येतं.
पंप मी चालू करतो, ते माझंच काम.
मोटर घरघरली, पाईप थरथरला,
वर कुठेतरी कोरड्या बादलीत पहिली धार पडली,
मग दुसऱ्या मजल्यावर, मग सगळीकडे.
सी विंगचा वॉचमन तिवारी आला,
माझ्याशी कधी बोलत नाही,
कॅन लावला, उकिडवा बसला.
मी त्याच्या बोटाकडे बघितलं.
शाई नखात उतरायला लागली होती.
“चाय पिओगे?” तो म्हणाला.

एक हा असेल?